देव मानव का झाला?



नाताळ जवळ आला की वाडीवाडीत गोठे उभे राहू लागतात. मुले बांबू, गवत, माती गोळा करतात. मेंढपाळ येतात, गाय येते, तीन राजे दूर कोपऱ्यात उभे राहतात. गव्हाणी मात्र २४ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवण्याची आपली पद्धत आहे. त्या रिकाम्या गव्हाणीसमोर उभे राहून विचारावा असा एक प्रश्न आज आपण अभ्यासासाठी घेत आहोत. परमेश्वराला मानव होण्याची गरजच काय होती?

हा प्रश्न आम्ही पुस्तकातून घेतलेला नाही. आगमनकाळातील एकाच आठवड्यात तो आम्हाला दोनदा विचारण्यात आला. पहिल्यांदा धर्मशिक्षणाच्या वर्गात. सातवीतला एक मुलगा उठून म्हणाला, "फादर, देवाने 'प्रकाश होवो' म्हटलं आणि प्रकाश झाला. मग 'सगळ्यांची पापं माफ' असं म्हटलं असतं तर भागलं नसतं का? खाली यायचं कशाला?" वर्ग हसला. आम्हाला हसू आले नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना याच प्रश्नावर आम्ही कित्येक तास घालवले होते आणि त्या क्षणी मुलाला कळेल असे एक वाक्यही आमच्यापाशी नव्हते.

दुसऱ्यांदा तो प्रश्न घरभेटीत आला. एका आजींचा धाकटा मुलगा आठ महिन्यांपूर्वी गेला होता. घरात त्याचा फोटो, फोटोला हार. आम्ही देवाच्या इच्छेविषयी बोलू लागलो. आजींनी हात वर करून आम्हाला थांबवले. "फादर, देव वर आहे. त्याला काय कळणार?" एवढेच म्हणाल्या. आमच्याजवळ शब्द पुष्कळ होते, पण त्या घरात त्यांतला एकही चालला नाही.

मुलाचा प्रश्न डोक्यातून आला होता, आजींचा काळजातून. पुढे विचार करताना आमच्या लक्षात आले की दोन्ही प्रश्न एकच आहेत. देव वरच राहिला असता तर काय बिघडले असते?

आपण काय मानतो?

उत्तर शोधण्यापूर्वी श्रद्धा नीट समजून घेऊ. संत योहान आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात सांगतो की आरंभी जो शब्द देवाबरोबर होता आणि स्वतः देव होता, तो देही झाला आणि आपल्यामध्ये राहिला (योहान १:१-१४). ख्रिस्तसभा याला 'देहधारण' म्हणते.

चौथ्या शतकात आलेक्झांड्रिया शहरातील अरियस नावाच्या धर्मगुरूने शिकवले की पुत्र फार थोर आहे, पण तो देव नाही. तो देवाने निर्माण केलेला आहे. या वादाचा निर्णय करण्यासाठी इ.स. ३२५ मध्ये निकेया येथे धर्मपरिषद भरली. पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, असे परिषदेने जाहीर केले. या घटनेला २०२५ साली १७०० वर्षे पूर्ण झाली. त्या वर्षी नोव्हेंबर महिन्यात पोप लिओ चौदावे स्वतः त्या ठिकाणी, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझ्निक येथे प्रार्थनेसाठी गेले होते.

पुढे इ.स. ४५१ मध्ये काल्सेदोनच्या परिषदेने दुसरी बाजू स्पष्ट केली. येशू खरा देव आहे, तसाच तो खरा मानवही आहे. तो अर्धा देव आणि अर्धा माणूस नव्हे. त्याने माणसाचा नुसता वेषही घेतला नव्हता. त्याला भूक लागली, तो थकला, होडीत झोपी गेला, मित्राच्या कबरेपाशी रडला आणि खरोखर मेला.

रविवारच्या मिस्सात आपण विश्वासांगीकार म्हणतो. पुत्र स्वर्गातून का उतरला याचे कारण त्यातच दिले आहे: आपल्यासाठी आणि आपल्या तारणासाठी. प्रश्न उरतो तो असा की तारणासाठी हाच मार्ग का?

पहिले उत्तर: ऋण आणि क्षमा

अकराव्या शतकात संत ॲन्सेल्म नावाचे एक थोर विद्वान होऊन गेले. इटलीतील आओस्ता येथे जन्म, फ्रान्समधील बेक येथील मठात संन्यास आणि १०९३ पासून इंग्लंडमधील कँटरबरीचे आर्चबिशप, असा त्यांचा प्रवास. राजाशी मतभेद होऊन परदेशी राहावे लागले, त्या काळात, १०९८ मध्ये, त्यांनी एक ग्रंथ पूर्ण केला. आजच्या लेखाचे शीर्षक हेच त्या ग्रंथाचेही नाव आहे. बोसो नावाचा शिष्य प्रश्न विचारतो आणि गुरू उत्तर देतात, अशी त्याची रचना आहे. आमच्या सातवीतल्या मुलाची शंका बोसोनेही काढली आहे.

ॲन्सेल्म यांचा विचार थोडक्यात असा. पाप म्हणजे देवाला जे देणे लागते ते न देणे. हे ऋण माणसाचे आहे, म्हणून ते माणसानेच फेडले पाहिजे. पण माणसापाशी जे आहे ते सारे आधीच देवाचे, फेडणार कशाने? फेडण्याचे सामर्थ्य फक्त देवापाशी आहे. म्हणजे फेडायचे माणसाने आणि फेडू शकतो देवच. जो एकाच वेळी देव आणि मानव आहे, तोच हा गुंता सोडवू शकतो.

हे उत्तर भक्कम आहे, परंतु ते चुकीच्या पद्धतीने ऐकले जाण्याचा धोका आहे. कित्येकांच्या मनात असे चित्र उभे राहते की देव एखाद्या सावकारासारखा वही उघडून बसला आहे आणि पै न् पै वसूल झाल्याशिवाय तो ऐकत नाही. बंधू-भगिनींनो, हे चित्र मनातून काढून टाका. देवाने जगावर एवढी प्रीती केली की त्याने आपला एकुलता एक पुत्र दिला, असे शुभवर्तमान सांगते (योहान ३:१६). कर्जदाराच्या घरी जाऊन त्याचे कर्ज स्वतःच्या अंगावर घेणारा सावकार कोणी पाहिला आहे का?

मग एका शब्दात क्षमा का नाही? आपल्याच घरातील उदाहरण घेऊ. दोन भावांत बांधावरून भांडण होते. बोलणे बंद होते, एकमेकांच्या घरच्या लग्नालाही कोणी जात नाही. दहा वर्षांनी शहरात राहणारा मोठा भाऊ फोन करून सांगतो, "जा, सोडलं मी सगळं." क्षमा झाली का? एका अर्थी झाली. पण भिंत होती तिथेच आहे. धाकट्याच्या मनात येते, याने उपकार केल्यासारखे सोडून दिले. एके दिवशी मोठा भाऊ स्वतः गावी येतो, धाकट्याच्या उंबऱ्यावर चपला काढतो, आत जाऊन जेवायला बसतो. त्या दिवशी भिंत पडते. फोनवरचा शब्द खोटा नव्हता. तो फक्त पुरेसा नव्हता.

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी येथे मोलाची दुरुस्ती केली. देव सर्वसमर्थ आहे, त्यामुळे तो दुसऱ्या मार्गानेही आपले तारण करू शकला असता, असे ते स्पष्ट म्हणतात. देहधारण त्याच्यावर सक्तीचे नव्हते. परंतु आपली आशा, श्रद्धा आणि प्रीती जागी करण्यासाठी याहून योग्य मार्ग नव्हता. म्हणजे त्या मुलाला आपण सांगू शकतो, "होय बाळा, एका शब्दाने जमले असते. पण देवाने शब्द पाठवला नाही. तो शब्दच स्वतः आला."

दुसरे उत्तर: बिघडलेले चित्र

ॲन्सेल्म यांच्या कितीतरी आधी पूर्वेकडील धर्मपित्यांनी याच प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले होते. पाप हे त्यांच्या दृष्टीने नुसते ऋण नव्हे, तर आजार आहे. क्षमेच्या शब्दाने कर्ज मिटेल, आजार कसा जाईल? डॉक्टरने दुरून "तुझ्यावर माझा राग नाही" असे सांगितल्याने ताप उतरत नाही.

संत अथनेशियस निकेया परिषदेला तरुण डीकन म्हणून उपस्थित होते. पुढे ते आलेक्झांड्रियाचे बिशप झाले आणि श्रद्धेसाठी त्यांना पाच वेळा हद्दपारी भोगावी लागली. देहधारणावरील आपल्या ग्रंथात ते एका चित्राचे उदाहरण देतात. लाकडी फळीवर कुणाचे तरी चित्र काढलेले आहे. डाग पडून ते पुसट झाले. ती फळी टाकून द्यायची नसेल तर ज्याचे ते चित्र आहे त्याने पुन्हा येऊन समोर बसले पाहिजे, म्हणजे त्याच फळीवर तोच चेहरा पुन्हा उमटेल. माणूस देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला (उत्पत्ती १:२७). पापाने ते रूप बिघडले. देवाने फळी फेकून दिली नाही. ज्याचे ते रूप होते, तो स्वतः आला.

त्याही आधी, दुसऱ्या शतकात, लिओंचे बिशप संत इरेनियस यांनी शिकवले की ख्रिस्त माणसाच्या आयुष्याच्या प्रत्येक टप्प्यातून गेला. तो तान्ह्या मुलांसाठी तान्हा झाला, मुलांसाठी मूल झाला, तरुणांसाठी तरुण झाला, यासाठी की कोणतेही वय पवित्र झाल्याशिवाय राहू नये. चौथ्या शतकात संत ग्रेगरी नाझियान्झस यांनी हीच गोष्ट नियमासारखी मांडली. माणसाचे जे काही ख्रिस्ताने स्वतःवर घेतले नाही, ते बरे झालेले नाही. म्हणून त्याने सगळेच घेतले: शरीर, मन, बुद्धी, भीती, घाम, अश्रू आणि मरणसुद्धा.

विचार करा, येशूच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे नाझरेथ नावाच्या लहानशा गावात गेली. त्या वर्षांविषयी शुभवर्तमानात जेमतेम काही ओळी आहेत. चमत्कार नाही, प्रवचन नाही. सुताराचे काम, आईच्या हातचे जेवण, शब्बाथाला सभास्थान. सकाळी उठून शेतावर, बाजारात किंवा लोकलच्या गर्दीत जाणाऱ्या आपल्या दिवसांना देवाने किती किंमत दिली आहे, हे त्या तीस वर्षांवरून कळते.

अवतार आणि देहधारण

आपले शेजारी आपल्याला प्रेमाने विचारतात, "म्हणजे येशू हा देवाचा अवतारच ना?" उत्तर देताना आपण गोंधळतो. शेजाऱ्याच्या श्रद्धेचा पूर्ण आदर राखून फरक सांगता आला पाहिजे.

भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायात सज्जनांच्या रक्षणासाठी आणि दुर्जनांच्या नाशासाठी युगायुगात होणाऱ्या अवताराची शिकवण आहे. ख्रिस्ती श्रद्धा तीन गोष्टी वेगळ्या सांगते. देहधारण एकदाच झाले. ऑगस्टस कैसराच्या राजवटीत, बेथलेहेम या ठिकाणी. दुसरे, येशू पाप्यांचा नाश करण्यास आला नाही; मी नीतिमानांना नव्हे तर पाप्यांना बोलवायला आलो आहे, असे तो सांगतो (मार्क २:१७). तिसरी गोष्ट आपण अनेकदा विसरतो. पुनरुत्थानानंतर त्याने मानवी देह टाकून दिला नाही. थोमाला त्याने हातांवरील खुणा दाखवल्या. तो स्वर्गात गेला तोही मानव म्हणूनच. देवाने एकदा आपला हात धरला, तो सोडलेला नाही.

ही श्रद्धा मराठीत सांगण्याची परंपरा जुनी आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेज्वीट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि येथील भाषेत रमले. येशूची कथा त्यांनी मराठी ओव्यांत रचली आणि 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे छापले गेले. परक्या देशातील माणसाने आपल्या लोकांसाठी आपली भाषा शिकावी, तिच्यात गावे, ही देहधारणाचीच शिकवण आचरणात आणणे होय. ज्यांना देव सांगायचा, त्यांच्यात आधी जाऊन राहावे लागते.

पाप झाले नसते तर?

विचारवंतांनी आणखी एक प्रश्न केला आहे. आदामाने पाप केलेच नसते, तरीही देव मानव झाला असता का? संत थॉमस यांचे मत असे की पवित्र शास्त्र सर्वत्र पाप हेच कारण देते, म्हणून पाप नसते तर बहुधा तो आला नसता. फ्रान्सिस्कन संघाचे धन्य जॉन डन्स स्कोटस (मृत्यू १३०८) यांचे मत वेगळे होते. देवाचे सर्वांत थोर कृत्य केवळ माणसाच्या चुकीवर अवलंबून कसे असेल? ख्रिस्त हा देवाचा पहिला विचार आहे, नंतर सुचलेला उपाय नव्हे, असे त्यांनी मांडले. ख्रिस्तसभेने यावर बंधनकारक निर्णय दिलेला नाही. दोन्ही मते श्रद्धेच्या चौकटीत बसतात.

आम्हाला स्वतःला स्कोटस यांचा विचार गोठ्यापुढे उभे राहिल्यावर अधिक जवळचा वाटतो. संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो येथे नाताळच्या रात्री गव्हाणी, गवत, बैल आणि गाढव आणून बेथलेहेमचा देखावा उभा केला. आपल्या गोठ्यांना तिथूनच प्रेरणा मिळाली. प्रेमाला जवळ यायला निमित्त लागत नाही. आई आजारी मुलापाशी बसते, तशी खेळणाऱ्या मुलापाशीही बसते.

पुन्हा त्या घरी

कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात (४५६-४६०) देहधारणाची चार कारणे दिली आहेत: देवाशी समेट होऊन आपले तारण व्हावे, देवाची प्रीती आपल्याला कळावी, पवित्रतेचा आदर्श आपल्यासमोर असावा आणि आपण देवाच्या स्वभावाचे वाटेकरी व्हावे. चारही पाठ करण्यासारखी आहेत. परंतु ती पाठ करून आम्ही आजींच्या घरी पुन्हा गेलो असतो तर त्यांनी पुन्हा हात वर केला असता.

आम्ही पुन्हा गेलो, पण या वेळी बोलण्यासाठी नव्हे. बराच वेळ नुसते बसून राहिलो. घरच्या आल्तारावर दुःखी मातेचे जुने चित्र होते. क्रुसावरून काढलेला पुत्र आईच्या मांडीवर. आजी चित्राकडे पाहत म्हणाल्या, "हिला कळतं."

आम्ही विचारले, "आजी, तिच्या मांडीवर कोण आहे?"

त्या कितीतरी वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "देवच की तो."

इ.स. ४३१ मध्ये एफेसस येथे जमलेल्या परिषदेने मरियेला 'देवमाता' म्हटले, कारण तिच्या पोटी जन्मलेला स्वतः देव आहे. ते सूत्र आम्ही परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. त्याचा अर्थ त्या दुपारी आजींनी आम्हाला शिकवला. आईच्या मांडीवर मृत पडलेला तो देव आहे. मरण त्याने वरून पाहिले नाही, आतून पाहिले. म्हणून इब्री लोकांस पत्र म्हणते की आपल्या दुर्बलतेची ज्याला जाणीव नाही असा याजक आपल्याला लाभलेला नाही (इब्री ४:१५). आणि तो मरणात राहिला नाही, म्हणून आजींचा मुलगाही कायमचा हरवलेला नाही, ही आपली आशा आहे.

आजींचे रडणे त्या दिवशी थांबले नाही. थांबावे असे आम्हालाही वाटले नाही. निघताना त्यांनी एवढेच विचारले, "रविवारी मिस्सा किती वाजता?" मुलगा गेल्यापासून त्या आल्या नव्हत्या.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट. विश्वासांगीकार म्हणताना, पुत्र मरियेपासून देह धारण करून मानव झाला या शब्दांच्या वेळी आपण सर्वांनी मस्तक लववायचे असते. नाताळला आणि २५ मार्चच्या देवदूताच्या निरोपाच्या सणाला तर गुडघे टेकायचे असतात. घाईत हे राहून जाते. या रविवारपासून जाणीवपूर्वक करू या.

दुसरी गोष्ट. अर्पणाच्या वेळी धर्मगुरू द्राक्षरसात पाण्याचा थेंब घालतात आणि हळू आवाजात एक प्रार्थना म्हणतात. तिचा आशय असा की जो आपल्या मानवपणाचा वाटेकरी झाला, त्याच्या देवपणात आम्हालाही वाटा मिळावा. आजचा सगळा धडा त्या एका थेंबात आहे. तो थेंब पुन्हा वेगळा काढता येत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे. देवाने दुरून निरोप पाठवून भागवले नाही. आपणही भागवू नये. आपल्या धर्मग्रामात आजारी आहेत, एकटे राहणारे वृद्ध आहेत, वर्षानुवर्षे न बोलणारे भाऊ आहेत. मोबाईलवर हात जोडल्याचे चित्र पाठवणे सोपे आहे. या नाताळात निदान एका घरी स्वतः जा. सांगण्यासारखे काही नसेल तर नुसते बसा.

लहान ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. 'देवाला माझे दुःख काय कळणार' असे तुम्हाला कधी वाटले आहे का? त्या वेळी कोण तुमच्याजवळ येऊन बसले?
२. शेजाऱ्याने 'येशू म्हणजे अवतारच ना?' असे विचारले, तर आदर राखून तुम्ही काय सांगाल?
३. फोनवरून दिलेली क्षमा अपुरी राहिली आहे, असे एखादे घर तुमच्या ओळखीत आहे का? पहिला उंबरा कोण ओलांडणार?

२४ तारखेच्या रात्री गव्हाणीत बाळ ठेवले जाईल. त्याच्यापुढे गुडघे टेकताना त्या मुलाचा प्रश्न आणि आजींचा प्रश्न दोन्ही बरोबर घेऊन या. दोघांनाही तो तिथेच भेटेल.

प्रभू आपणा सर्वांना भरपूर आशीर्वाद देवो.

आपले,
प्रमुख धर्मगुरू